पंचवीस धावांची आघाडी
प्रा. दि. ब. देवधरांच्या एका मोसमाचे फेरवाचन

गेली सहा-सात वर्षे मी एका धावफलकाभोवती फिरतो आहे. १९४०-४१ च्या मोसमातला रणजी करंडकाचा पुण्याचा सामना. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या २४६ धावा, मुंबईच्या खंडू रांगणेकरांच्या २०२. दोन्ही संघांचे पहिले डाव संपता संपताच सामन्याचे दिवस संपले. पहिल्या डावातल्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि मोसमाच्या शेवटी करंडकही त्यांच्याकडेच राहिला.

क्रिकेटमध्ये थोडाफार रस असलेल्या मराठी माणसाला यातली एक गोष्ट हमखास माहीत असते. ती म्हणजे देवधरांचे वय. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. म्हणजे ही खेळी झाली तेव्हा त्यांची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झालेली होती. संस्कृतचा प्राध्यापक, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ, आणि २४६ धावा! आपल्याकडे या खेळीवर जे काही लिहिले-बोलले जाते ते या नवलाभोवतीच. पुढे त्यांनी शंभरी ओलांडली, २४ ऑगस्ट १९९३ रोजी एकशे एक वर्षांचे होऊन ते गेले. त्यामुळे ‘मैदानावरही शतक आणि आयुष्याचेही शतक’ ही कोटी आपसूकच तयार झाली आणि खेळीचा विचार तिथेच थांबला.

माझे म्हणणे असे की वयाच्या या कौतुकाने त्या मोसमाचे नुकसान केले आहे. त्या २४६ धावा एका वयस्क फलंदाजाच्या नव्हेत, एका कर्णधाराच्या धावा आहेत. तशा वाचल्या तर त्यांची किंमत वाढते. आणि त्याच वाचनातून एक अडचणीचा प्रश्नही उभा राहतो, जो वयाच्या गोष्टीत कधीच येत नाही. या लेखात मी दोन्ही मांडणार आहे.

मी कोण आणि हे का करतो

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. मूळ गाव मुरबाड तालुक्यात, राहणे शहापुरात, आणि आयुष्यभराचे काम एका पतपेढीतल्या हिशेबाचे. आकडे जुळवत बसायची सवय तिथली. क्रिकेटचे वेड मात्र गावचे. आमच्याकडे पावसाळाभर भातखाचरांत गुडघाभर पाणी असते; मैदान म्हणून काही नसतेच. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले, झोडणी आटोपली की एखादे मोठे खाचर मोकळे होते. खळे चोपतात तशी मधली पट्टी चोपायची, पाणी मारायचे, पुन्हा चोपायची. झाली खेळपट्टी. बांध ही सीमारेषा. मग होळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, दर रविवारी कुठे ना कुठे टेनिस चेंडूचे सामने. पहिल्या बक्षिसाला चषक आणि रोख रक्कम, कुठे कुठे बोकड.

या सामन्यांच्या वह्या मी वीसेक वर्षे लिहिल्या. गुण लिहिणाऱ्याला हळूहळू एक गोष्ट कळते. वही जे सांगते त्यातले निम्मे आपण वाचतच नाही. त्या वहीतूनच मी जुन्या धावफलकांकडे वळलो. सुट्टीच्या दिवशी आसनगावहून लोकल पकडायची आणि ठाण्याला उतरून १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायचे, नाहीतर सरळ दादर गाठायचे. हा माझा क्रम आजही चालू आहे.

रांगणेकरांकडे माझे लक्ष गेले ते ठाण्यामुळेच. हा डावखुरा फलंदाज तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो तीन कसोटी सामने खेळला आणि उत्तरायुष्यात ठाण्याचा नगराध्यक्ष झाला. आपल्या जिल्ह्याच्या माणसाने द्विशतक केले आणि तरी त्याचा संघ बाहेर गेला, हे पाहून मी थबकलो. मुंबईच्या डावाकडून मी देवधरांच्या डावाकडे आलो, त्यामुळे कदाचित मला तो थोडा वेगळा दिसला असेल.

मोसम कशाला म्हणायचे

‘फलंदाजाचा मोसम’ ही कल्पनाच मुळात इंग्लंडची. तिथले काउंटी क्रिकेट त्या काळी मे महिन्यात सुरू होई आणि सप्टेंबरपर्यंत आठवड्याला दोन सामने अशा गतीने चाले. ज्यांच्या नावाने हा करंडक आहे ते रणजितसिंहजी १८९९ ते १९०३ या काळात ससेक्स काउंटीचे कर्णधार होते. त्यांचा १९०० सालचा उन्हाळा घ्या. ४० डाव, ३०६५ धावा, सरासरी ८७.५७, ११ शतके, त्यांपैकी पाच द्विशतके. हा झाला मोसम! आठवडाभर अपयश आले तरी पुढच्या आठवड्यात भरून काढायला जागा. फलंदाजाला लय सापडायला, हरवायला आणि पुन्हा सापडायला वेळ.

आता आपल्याकडे पाहू. देवधरांची प्रथम दर्जाची कारकीर्द १९११ ते १९४८. सदतीस वर्षांत ८१ सामने, १३३ डाव, ४५२२ धावा, सरासरी ३९.३२. म्हणजे रणजींना सव्वातीन उन्हाळ्यांत जेवढे डाव मिळत, तेवढे देवधरांना अख्ख्या आयुष्यात मिळाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत हिंदी खेळाडूचा ‘मोसम’ म्हणजे मुंबईची तिरंगी, मग चौरंगी स्पर्धा. वर्षाकाठी दोन सामने, फार तर तीन. त्यातला एक पावसाने किंवा एका चुकीच्या फटक्याने गेला की वर्ष गेले.

अशा दुष्काळात १९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ आला. मुंबईत अखिल हिंदुस्थान संघाकडून खेळताना देवधरांनी त्यांच्याविरुद्ध १४८ धावा केल्या. त्या दौऱ्यातली सी. के. नायडूंची १५३ धावांची खेळी आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. देवधरांची १४८ त्या मानाने मागे पडली. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ साली. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. त्या दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून गेले पोरबंदरचे महाराज. त्यांच्या दौऱ्यातल्या प्रथम दर्जाच्या धावा हाताच्या बोटांवर मोजता येतील. कसोटीत त्यांनी समंजसपणे नेतृत्व नायडूंकडे दिले, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवे. पण त्या काळात कर्णधाराने धावा कराव्यात अशी अपेक्षाच नव्हती, हेही खरे. कर्णधारपद हा एक मान होता.

रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला आणि हे चित्र बदलायला लागले. धर्माऐवजी प्रांताचा संघ आला. मोसम अजूनही तोकडाच, हरलात की संपला. पण जिंकत राहिलात तर चार सामने, पाच सामने. महाराष्ट्रासारख्या, मागे संस्थानिकाची थैली नसलेल्या संघापुढे मोसम लांबवण्याचा एकच मार्ग होता. हरायचे नाही.

नियम आणि २४६

आमच्या गावातल्या पोरांना ‘अनिर्णित’ हा शब्द समजावताना माझी दमछाक होते. सहा षटकांचा सामना. कुणीतरी जिंकणार, बरोबरी झाली तर आणखी एक षटक. ‘दोन दिवस खेळून निकाल नाही, मग खेळले कशाला?’ हा त्यांचा प्रश्न. प्रश्न भाबडा नाही. निकाल नसलेल्या सामन्याचे करायचे काय, याचे उत्तर प्रत्येक स्पर्धेने वेगळे दिले आहे आणि त्या उत्तरावर फलंदाजीची जात ठरली आहे.

रणजींच्या काळातल्या काउंटी स्पर्धेत विजयाला एक गुण मिळे आणि पराभवाला एक गुण वजा होई. अनिर्णित सामना हिशेबातच धरत नसत. पहिल्या डावात आघाडी असली काय, नसली काय, फरक शून्य. म्हणूनच १९०० साली कर्णधाराने तीन हजारांवर धावा करूनही ससेक्सचे बहुसंख्य सामने अनिर्णित सुटले आणि संघ तिसऱ्या स्थानापर्यंतच पोहोचला. गोलंदाजी दुबळी होती. रणजींच्या धावांनी संघ वाचत होता, जिंकत नव्हता. त्या धावांचे सौंदर्य कुणी नाकारत नाही. पण कर्णधाराच्या धावा म्हणून त्यांना त्या स्पर्धेत मोल कमीच होते.

रणजी करंडकात बाद पद्धत असल्यामुळे अनिर्णित सामन्यातूनही एकाला पुढे पाठवणे भाग होते. नियम झाला, पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे. हा नियम साधा दिसतो, पण तो घड्याळाची किंमत बदलतो. सामन्याचे दिवस ठरलेले. खेळपट्टी चांगली असेल तर दोन्ही संघांना दोनदा बाद करणे जवळपास अशक्य. मग खरा सामना एकाच डावाचा. जो आधी फलंदाजी करतो त्याने किती धावा करायच्या? ‘पुरेशा’ हे उत्तर चालत नाही, कारण पुरेशा म्हणजे किती हे समोरचा संघ फलंदाजीला आल्यावर कळणार. मुंबईकडे तेव्हा विजय मर्चंटांपासून रांगणेकरांपर्यंत फलंदाजांची रांग होती. पाचशे म्हणजे सुरक्षित असे कुणी म्हटले असते तर मुंबईने त्याला खोटे पाडले असते. सहाशेनेही भागले नसते, हे मुंबईच्या ६५० धावांनीच दाखवले.

२४६ कडे इथून पाहायला हवे. ६७५ पैकी एक तृतीयांशाहून अधिक धावा कर्णधाराच्या. त्या आल्या नसत्या तर काय झाले असते हे सांगायला पंचांगाची गरज नाही, कारण शेवटचा फरक अवघ्या २५ धावांचा. द्विशतक झाल्यावर प्रेक्षकांच्या टाळ्या घेऊन, दमल्या वयाचा मान राखून, एक हवेतला फटका मारून परतायला देवधरांना कुणी नाव ठेवले नसते. तिथे जर ते २१५ किंवा २२० वर परतले असते तर आज आपण त्यांच्या वयाचे तेवढेच कौतुक केले असते. करंडक मात्र बहुधा मुंबईला गेला असता. वयाच्या वाचनाला २२० आणि २४६ सारखेच. कर्णधाराच्या वाचनाला त्या दोन आकड्यांमध्ये सगळा सामना मावतो.

ही एका दिवसाची लहर नव्हती. आदल्या, १९३९-४० च्या मोसमात पुण्यालाच बडोद्याविरुद्ध विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. हिंदुस्थानात हिंदी फलंदाजाने केलेले ते पहिले त्रिशतक. त्यात नगरवाला यांच्याबरोबर नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागी होती. नववा गडीसुद्धा थांबतो, म्हणजे संघाला थांबायचे शिकवलेले आहे. तो करंडक महाराष्ट्राने अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून जिंकला. पुढच्या मोसमात रंगा सोहोनी यांनी पश्चिम भारत संघाविरुद्ध नाबाद २१८ केल्या, उत्तर भारताविरुद्ध संघाची धावसंख्या ७९८ पर्यंत गेली, आणि अंतिम सामन्यात मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून हरवले. दोन वर्षे, दोन करंडक. त्यानंतर आजवर महाराष्ट्राला हा करंडक पुन्हा मिळालेला नाही.

सांगलीच्या हजारेसारखी प्रांतभरची तरुण पोरे एकत्र आणून त्यांना ‘डाव’ या गोष्टीचा अर्थ समजावणारा प्राध्यापक मला त्या मोसमात दिसतो. तो अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिला नाही. स्वतः उभे राहून दाखवला.

दुसरी बाजू

इथे लेख संपवता आला असता. पण समीक्षा करायची तर हिशेबाची उजवी बाजूही लिहायला हवी.

पंचवीस धावांनी गेलेला सामना मुंबई विसरली नाही, असे पुढचे आकडे पाहून म्हणावेसे वाटते. १९४३-४४ साली मुंबईत महाराष्ट्राविरुद्ध मुंबईचे पाच गडी स्वस्तात गेले असताना विजय मर्चंट आणि रूसी मोदी यांनी सहाव्या गड्यासाठी ३७१ धावा जोडल्या. मर्चंट नाबाद ३५९, मुंबई ७३५. आणि १९४८-४९ चा पुण्याचा उपांत्य सामना तर अजीर्णाचाच. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ (डाव घोषित), महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा, नऊ शतके. त्याच मोसमात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमापासून नऊ धावा दूर, आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला.

‘धावांचे डोंगर’ हा शब्दप्रयोग आपल्या वर्णनांत रुजलेला आहे. डोंगर म्हटले की आपण मान वर करून पाहतो. आमच्या शहापुरात माहुलीचा डोंगर उभा आहे. त्याच्याकडे पर्यटक मान वर करून पाहतो, पण पायथ्याचा माणूस लाकूडफाटा डोक्यावर घेऊन तो उतरत असतो. धावांच्या डोंगराचेही तसेच. ते २३७६ धावांचे चेंडू कुणीतरी टाकले.

मला या टप्प्यावर माझ्याच वाचनातली चूक सापडली. मी देवधरांच्या २४६ ने महाराष्ट्राला आघाडी मिळवून दिली असे धरून चाललो होतो. धावफलक पुन्हा वाचा. २४६ ने ६७५ मिळवून दिल्या. आघाडी मिळाली ती मुंबईचा दहावा गडी ६५० वर बाद झाला तेव्हा. ती मिळवली गोलंदाजांनी. रांगणेकर द्विशतक ठोकत असताना, पाय ओढत, चेंडू घासत, पुन्हा पुन्हा धावत येणाऱ्यांनी. ज्या पंचवीस धावांवर मी ही सगळी वर्षे घालवली, त्या पंचवीस धावा फलंदाजाच्या खात्यात कधी नव्हत्याच.

गोलंदाजाचे काम खात्यातून गळणे, आणि नेतृत्वाचा विचार करताना तर त्याचे नावच न येणे, ही गोष्ट आपल्या क्रिकेटला नवी नाही. त्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे पुन्हा देवधर भेटतात.

१९२०

बाळू पालवणकर हे नाव आता बरेच जण जाणतात. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानावर राबत, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकत वाढला. हिंदू संघाने त्याला घेतले ते जिंकायची गरज होती म्हणून. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालत असे. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या कारकिर्दीत ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. हिंदू संघाचा तो आधारस्तंभ, पण कर्णधार? कधीच नाही.

१९२० सालच्या चौरंगीत पहिल्या सामन्यासाठी बाळूला वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडले. त्यांच्या जागी अनुभवाने विठ्ठल पालवणकर यांचा, बाळूच्या धाकट्या भावाचा, हक्क होता. निवडणाऱ्यांनी नाव घेतले ते देवधरांचे. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून आपली नावे काढून घेतली. शहरात चर्चा झाली, टीका झाली. अंतिम सामन्याला भाऊ परतले, पै बरे होऊन आले, बाळूला उपकर्णधार केले गेले, आणि सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूने संघ चालवला. एवढेच. तोवर त्याची कारकीर्द संपत आली होती. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ साली. त्याच वर्षी त्यांच्या हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. आपली कहाणी त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

मी देवधरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. निवड समितीने केली होती आणि ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पण दोन धावफलक शेजारी ठेवले की दिसते ते दिसतेच. पहिले कर्णधारपद ज्यांना न मागता अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाले, त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही शिकत, चुकत, वाढत राहायला जागा होती; बावन्नाव्या वर्षी, १९४४ साली, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ करायलाही होती. देवधरांनी त्या जागेचे सोने केले, हे निर्विवाद. बाळूला ती जागाच नव्हती. कर्णधाराचा मोसम ही केवळ गुणांची गोष्ट नसते. आधी कुणीतरी तो मोसम तुमच्या हाती द्यावा लागतो.

आमचे खाचर

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, असे मी स्वतःला विचारले आणि उत्तर माझ्याच जुन्या वहीत सापडले.

१९९८ ते २००९ मी आमच्या गावच्या संघाचा कर्णधार होतो. मी बरा फलंदाज होतो. पण कर्णधार झालो त्याचे कारण ते नव्हते. चेंडूचे, मंडपाचे, प्रवेश फीचे पैसे आमच्या आळीतून येत. आमचा सर्वांत चांगला गोलंदाज गावाबाहेरच्या कातकरी वाडीवरचा. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे किंवा आणखी लांब. तोही जायचा. म्हणजे आमचा क्रिकेटचा मोसम सुरू व्हायचा तेव्हाच त्याचा भट्टीचा हंगाम सुरू व्हायचा. रविवारी मिळेल त्या टेम्पोने तो यायचा, चार षटकांपैकी दोन टाकायचा आणि संध्याकाळी परत भट्टीवर. वहीत त्याच्या नावापुढे त्या अकरा वर्षांत जितके बळी आहेत तितके आमच्या बाकीच्या सगळ्यांचे मिळून नाहीत. मी मोजले आहेत.

एकदा, उपांत्य सामन्याआधी, तो हसत म्हणाला होता, ‘दादा, आज नाणं मी उडवू का?’ मीही हसलो. म्हणालो, ‘तू बॉल टाक रे.’ नाणे मीच उडवले. त्या दिवशी मी ३१ धावा केल्या, सामनावीराची ढाल मला मिळाली. समोरच्या संघाला शेवटच्या षटकात सात धावा हव्या होत्या आणि ते षटक त्याने टाकले होते, ही नोंद माझ्याच अक्षरात आहे. ढाल आमच्या कपाटात आहे.

देवधरांच्या मोसमाबद्दल माझे मत बदललेले नाही. २४६ ही मराठी क्रिकेटमधली कर्णधाराची सर्वोत्तम खेळी आहे असे मी आजही म्हणेन, आणि वयाच्या आश्चर्याखाली तिला पुरून टाकणे थांबवावे असे सुचवेन. नियम ओळखून, घड्याळ ओळखून, समोरच्याची ताकद ओळखून केलेली ती फलंदाजी आहे. तिचे अनुकरण पुढे अजीर्णापर्यंत गेले, तो दोष अनुकरणाचा. पण त्या सामन्याचा इतिहास लिहायचा तर ६७५ पाशी थांबून चालणार नाही, ६५० पर्यंत जावे लागेल. आणि कर्णधारांचा इतिहास लिहायचा तर १९४० पासून सुरुवात करून चालणार नाही, १९२० पर्यंत मागे जावे लागेल.

यंदाही भात कापून झाले की खाचर चोपले जाईल. संघ आता पुतण्यांच्या पिढीकडे आहे. मी फक्त वही धरतो. त्या गोलंदाजाचा मुलगा यंदा संघात आहे. तोही भट्टीवरूनच येणार. नाणे कुणी उडवायचे हे ठरवण्याचा अधिकार आता माझा नाही. पण पहिल्या सामन्याआधी मी त्याचे नाव सुचवणार आहे, आणि कारण विचारले तर ती जुनी वही उघडून दाखवणार आहे.